कैफियतीचा बाक

मित्रांनो, मी एक जुना बाक आहे आणि मी रागावलेलो आहे. आत्मवृत्त सांगणाऱ्यानं आधी जन्म सांगावा, मग कष्ट सांगावेत आणि शेवटी डोळे पुसावेत, अशी रीत आहे म्हणतात. जन्म सांगतो, कष्टही सांगतो. डोळे पुसायचं काम मात्र माझ्याच्यानं होणार नाही. तुम्हाला ते हवं असेल तर दुसरा बाक बघा.

सामोआ बेटांवरच्या वाइतोआ गावच्या कोर्टाच्या व्हरांड्यात, पावसाच्या पाण्याच्या टाकीला लागून, सध्या माझा मुक्काम आहे. माझ्यावर रंगाचे अर्धे वापरलेले डबे ठेवलेत. डब्यांच्या मधल्या जागेत कोंबड्या बसतात आणि कोंबड्या जे करतात ते करतात. एकतीस वर्षं मी आत होतो, कारकुनाच्या टेबलासमोर. एकतीस वर्षं या किनाऱ्यावरच्या माणसांनी माझ्यावर बसून आपली बाजू सांगितली. आता बसा म्हणणारं कुणी नाही आणि बसणारंही कुणी नाही.

माझं लाकूड इफिलेलेचं. सामोआत याहून टणक लाकूड नाही. खिळा वाकतो, हे वाकत नाही. आधी मी चर्चचा खांब होतो. मोठ्या वादळात चर्च आडवं झालं आणि त्या लाकडाचं काय करायचं यावर गावात आठ महिने बैठका झाल्या. शेवटी एक खांब कोर्टाच्या कारकुनानं मागून घेतला. उसुफोनो त्याचं नाव. जाडजूड माणूस, कमरेला नेहमी करड्या रंगाचं लावालावा गुंडाळलेलं, कानामागे पेन. त्यानं इओपू सुताराला बोलावलं, स्वतः खुर्चीवर बसला आणि म्हणाला, "माझ्या गुडघ्याखालून जमिनीपर्यंत माप घे. बाक एवढाच उंच हवा. बोटभर कमी नको, बोटभर जास्त नको."

"बसणाऱ्याच्या बुडाला काय कळतंय रे बोटभर?" इओपू म्हणाला.

"बुडाला नाही, तोंडाला कळतं. इथे आलेला माणूस उभा राहून माझ्याशी कसा बोलेल? बसलेल्या माणसासमोर उभ्यानं बोलायला त्याच्या आईनं शिकवलंय का? आणि जमिनीवर बसवला तर तो कैफियत सांगणार नाही, माफी मागेल. मला माफी नकोय, कैफियत हवीय."

असा माझा जन्म. इओपूनं रंधा मारताना मला तीन शिव्या दिल्या आणि दोन रंधे मोडले. पण माप चुकवलं नाही.

तेव्हाचा नियम साधा होता. एखाद्यावर दावा लागला की बेलिफ त्याला कागद देई. त्यानं ठरलेल्या दिवसांत कोर्टात यायचं आणि आपलं म्हणणं मांडायचं. लिहून आणलं तर उत्तम. नाही आणलं तर तोंडी सांगायचं. कारकून लिहून घेई, मोठ्यानं वाचून दाखवी आणि खाली सही घेई. बस्स. त्याला कैफियत म्हणत.

आता आमच्या माणसांची एक गोष्ट सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. आमच्याकडे कुणाचं बोलणं खोडून काढायचं असेल तर आधी ते सगळं मानानं स्वीकारावं लागतं. समोरच्याचं नाव किताबासकट, म्हणजे घराण्याच्या प्रमुखाला मिळणाऱ्या पदवीसकट घ्यायचं, त्याच्या गावाचा, त्याच्या आजोबांचा मान ठेवायचा. तो जे जे बोलला ते सगळं ऐकलं, सगळं डोक्यावर घेतलं, असं म्हणायचं. आणि मग, सावकाश, आपलं म्हणायचं. थेट 'नाही, खोटं आहे' म्हणणारा माणूस आमच्याकडे दुकानातल्या कुत्र्याच्या लायकीचा समजला जातो.

उसुफोनोला हे ठाऊक होतं, म्हणून त्याचं पेन कानामागेच राही. एकदा एक बाई आली. तिच्या डुकरानं शेजाऱ्याचं अळूचं शेत उकरलं असा दावा होता. पाऊण तास ती त्या शेजाऱ्याच्या आजोबांनी चर्चची घंटा होडीतून कशी आणली ते सांगत होती. उसुफोनो हं हं करत कोको पीत होता. मला मात्र तिचं वजन कळत होतं. इतका वेळ पाठीला टेकलेली बाई हळूच पुढे सरकली, दोन्ही तळवे माझ्या कडेवर दाबले. मला कळलं, आता आलं. उसुफोनोलाही कळलं. त्यानं पेन काढलं.

"आणि ते डुक्कर," ती म्हणाली, "माझं नव्हतंच. माझं काळं आहे."

लिहून झालं, वाचून झालं, सही झाली. डुक्कर खरोखरच दुसऱ्या कुणाचं निघालं. असे शेकडो लोक मी पाहिले. सरकायचे सगळे तसेच. एकदा राजधानीतून आलेल्या न्यायाधीशीण बाई दुपारी माझ्यावर टेकल्या आणि म्हणाल्या, "या इमारतीत सगळ्यात जास्त काम हा बाक करतो." मी त्या दिवशी फुगलो होतो. लाकूड दमटपणानंही फुगतं, पण ते वेगळं.

खोटं कशाला बोलू, सगळे सरळ नव्हते. काही लबाड त्या रीतीचा फायदा घेत. येत, गोड गोड बोलत, मुद्द्याला हात लावत नसत आणि पुढची तारीख घेऊन जात. एका विधवेची पाण्याची टाकी दिरानं उचलून नेली होती. त्यानं चार वर्षं नुसता मान देत काढली. चार वर्षं ती बाई ओढ्यावरून पाणी वाहत होती. तिचा शाप लागला असेल तर योग्यच लागला. नियम बदलायला हवा होता, हे मीही म्हणेन.

पण बदलला कसा? राजधानीत एक समिती बसली. कशावर बसली कोण जाणे, गुबगुबीत खुर्च्यांवरच बसली असणार. उंटावरून शेळ्या हाकल्या. इकडे कुणी आलं नाही, कुणाला विचारलं नाही, आणि एक दिवस परिपत्रक आलं.

तोवर उसुफोनोची नजर गेली होती आणि तो घरी बसला होता. त्याच्या जागी लागी आली होती. तिशीची, चुणचुणीत, हातावर नेहमी शाई. परिपत्रक तिनं मोठ्यानं वाचलं आणि मी ऐकलं. यापुढे तोंडी कैफियत नाही. छापील नमुना असेल. डाव्या बाजूला वादीचं एकेक म्हणणं, उजवीकडे दोन चौकटी, मान्य आणि अमान्य. एकवीस दिवसांत भरून द्यायचा. जे स्पष्टपणे अमान्य केलं नाही ते मान्य धरलं जाईल. सगळंच मान्य असेल तर सुनावणी होणार नाही, निकाल कागदावरूनच लागेल. कर्मचाऱ्यांनी कुणालाही सल्ला देऊ नये, कुणासाठी लिहू नये.

मग टेबलापुढे भिंत आली. भिंतीला व्हरांड्याकडे उघडणारी काचेची खिडकी आली, छातीएवढ्या उंचीवर, म्हणजे उभ्यानंच बोलावं लागेल अशी. आणि पाहणीला आलेले साहेब माझ्याकडे बोट दाखवून म्हणाले, "हे ओंडकं बाहेर काढा." ओंडकं! चौघांना उचलताना कंबर धरली तेव्हा कळलं त्यांना ओंडकं म्हणजे काय ते.

माझं काय, मी लाकूड आहे. मला बाहेर काढलं म्हणून एवढा संताप झाला नसता. संताप आपेलूमुळे आहे.

आपेलू अडुसष्ट वर्षांचा. होडी बांधतो आणि मासे मारतो. त्याची होडी त्यानं स्वतः बांधलेली, स्वतःच्या जमिनीतल्या झाडाची. पहाटे निघायचा, कुपा मासे घेऊन यायचा. घरात बायको फेतुई, विधवा मुलगी आणि पाच नातवंडं. त्या होडीशिवाय त्या घरात चुलीवर काय चढणार, तर नीरफणस. आणि नीरफणस काही बाराही महिने लागत नाही.

फेतुईचा चुलतभाऊ केरिसिआनो. वीस वर्षं ऑकलंडला राहून परत आला. घराण्याचा किताब त्याला मिळाला आणि डोकं फिरलं. गावात सांगत सुटला, होडीचं इंजिन मी दिलं, होडी आमच्या जमिनीसमोर उभी असते, म्हणून होडी माझी. इंजिन त्यानं दिलं होतं हे खरंच. त्याच्या बापाच्या मयतीला आपेलूनं आठ दिवस शेजारच्या बेटावरून पाहुणे वाहून आणले, तेव्हा आभार म्हणून दिलं होतं. आता त्यानं दावा ठोकला.

विसाव्या दिवशी आपेलू आणि फेतुई कोर्टात आले. रविवारचा पांढरा सदरा घालून आला होता तो. दारातून आत पाहिलं, मी जागेवर नव्हतो. मग मला व्हरांड्यात शोधलं, डबे बाजूला केले, कोंबडी हाकलली, आणि दोघं माझ्यावर बसली. मांडीवर तो छापील नमुना.

फेतुई वाचत होती. "पहिलं. वादी हा घराण्याचा किताबधारी ज्येष्ठ आहे."

"आहे," आपेलू म्हणाला आणि 'मान्य'वर खूण केली.

"दुसरं. होडी घराण्याच्या जमिनीसमोर उभी असते."

"असते."

"तिसरं. इंजिन वादीनं दिलं."

"दिलं की. त्याचे उपकार आहेत."

"चौथं. होडी वादीच्या मालकीची आहे." फेतुईनं मान वर केली. "इथे 'अमान्य' कर."

आपेलूचं पेन थांबलं. मी श्वास रोखला, लाकडाला असतो तेवढा.

"फेतुई, वर त्याचं नाव आहे. किताबासकट आहे. त्याच्या नावासमोर मी 'अमान्य' लिहू? त्याचं बोलणं तरी पुरं झालंय का? हा सगळा कागद म्हणजे त्याचं बोलणं आहे. ते आधी स्वीकारायचं. माझं मी नंतर सांगेन."

"नंतर कधी? आपेलू, डोळे फुटलेत का तुझे? इथे दोनच चौकटी आहेत!"

"दोनच कशा असतील? माणसाला बोलायला जागा नको? बोलावतील तारखेला. तिथे बसेन आणि बोलेन." आणि त्यानं चौथ्यासमोरही 'मान्य'वर खूण केली. अक्षर तर काय सुंदर त्याचं.

मग तो पुढे सरकला. तळवे माझ्या कडेवर दाबले. मला तो भार ओळखीचा होता. समोर टेबल नव्हतं, कारकून नव्हता, पाण्याची टाकी होती. तिच्याकडे बघून तो तालीम करावी तसा बोलला, "होडी मी बांधली. झाड माझ्या जमिनीतलं. इंजिन त्यानं मयतीच्या कामाबद्दल दिलं, सगळ्या गावासमोर दिलं. दिलेली वस्तू परत मागायची नसते. होडी माझी आहे."

अख्खी कैफियत! चोख, पाच वाक्यांत! उसुफोनोनं डोक्यावर घेऊन लिहिली असती. आणि ती ऐकली कुणी, तर मी, फेतुईनं आणि एका कोंबडीनं. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, आणि मला तर चार पाय आहेत.

तो उठून खिडकीशी गेला. उभ्यानं बोलायचा संकोच म्हणून वाकून उभा राहिला. लागीनं कागद घेतला. चारही खुणा पाहिल्या. तिचा चेहरा उतरला.

"आपेलूकाका... नीट वाचलंत ना?"

"वाचलं, बाळ."

"चौथं पण?"

"चौथं पण. आता माझं कुठे बोलायचं?"

तिनं काचेवर चिकटवलेल्या पाटीकडे पाहिलं. 'कर्मचारी सल्ला देणार नाहीत.' बाजूच्या खोलीत तपासणीचे साहेब बसले होते. "बोलायचं नसतं आता, काका," ती म्हणाली. "भरायचं असतं." आणि तिनं शिक्का मारला.

तिच्यावर मी किती दिवस चिडून होतो! एक शब्द बोलली असती तर तिची जीभ झडली असती का?

निकाल पंधरा दिवसांत लागला. कागदावरून. प्रतिवादीनं सर्व काही मान्य केलं, सबब होडी वादीची. प्रत घ्यायला केरिसिआनो खिडकीशी आला. वाचून तोच गोंधळला.

"म्हणजे? त्यानं काहीच नाही म्हटलं? मला वाटलं भांडेल, मग बसू, बोलू, इंजिन तरी परत घेऊ..."

"सगळं मान्य केलंय," लागी म्हणाली. "तुम्हाला ठाऊक आहे त्यांनी का केलंय ते."

त्याला ठाऊक होतं. इथेच वाढलेला माणूस तो. त्यानं निकाल पुन्हा एकदा वाचला. मग कागदाची घडी खिशात घातली. "कोर्टानं दिली, मी काय करू?" म्हणाला आणि गेला. दुसऱ्या दिवशी होडी त्याच्या दारात होती. पालथी घातलेली. त्याला मासे मारता येतात कुठे? त्या लबाड दिरासाठी केलेला नियम, आणि सापडला कोण, तर आपेलू. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती हीच.

चौथ्या दिवशी दोघं पुन्हा आली. या वेळी फेतुई बोलली, आणि तिला खिडकीची उंची आड आली नाही. "आठ माणसं उपाशी ठेवलीत ग तुम्ही! कागदावर खुणा करून!"

लागी उठली. कपाटातून एक नमुना काढला. निकाल रद्द करण्याचा अर्ज. आणि मग तिनं जे केलं ते पाटीत बसणारं नव्हतं. ती बाजूच्या दारानं बाहेर आली, माझ्यावरचे रंगाचे डबे एकेक करून खाली ठेवले, हातातल्या फाइलनं माझी धूळ झटकली आणि म्हणाली, "बसा काका." स्वतः दुसऱ्या टोकाला बसली.

अर्जात कारण द्यायचं होतं. वेळेत अमान्य का केलं नाही? तीन चौकटी होत्या. आजारी होतो. बेटाबाहेर होतो. कागद मिळाला नव्हता. यापैकी एकीवर खूण करा.

"आजारी," फेतुई म्हणाली. "गुडघे दुखतात तुझे. दुखतात ना? मार खूण."

"गुडघे दहा वर्षं दुखतायत. त्याचा काय संबंध?"

"काका, कुणी तपासत नाही," लागी हळूच म्हणाली. "टाका आजारीवर. हात जोडते."

"मी धडधाकट होतो, बाळ. त्या दिवशी सकाळी बारा कुपा आणले होते, सगळ्यांनी पाहिलेत. खोटं लिहू? होडी परत आणायला खोटं बोलावं लागत असेल तर मग ती चोरलेलीच झाली ना?"

फेतुईनं कपाळावर हात मारला. लागीनं त्या तीन चौकटी पुन्हा वाचल्या. मग आतून पट्टी आणली. तिसऱ्या चौकटीखाली नीट मापात चौथी चौकट आखली, तिच्यात खूण केली आणि पुढे लिहिलं, 'प्रतिवादी सभ्य होता.'

आपेलूनं ते दोनदा वाचलं. मग काळजीनं विचारलं, "यानं केरिसिआनोला वाईट नाही ना वाटणार?"

मित्रांनो, त्या क्षणी मला पाय असून चालता येत नाही याचं जेवढं दुःख झालं तेवढं कधी झालं नव्हतं. राजधानीपर्यंत चालत गेलो असतो आणि एकेकाच्या पायावर पडलो असतो. नमस्काराला नव्हे.

अर्ज गेला आणि काल परत आला. वर लाल शेरा, 'अपूर्ण. दिलेल्या चौकटींपैकी एकीतही खूण नाही.' सोबत लागीला नोटीस. नमुन्यात फेरफार का केला, खुलासा द्यावा.

लागीनं नोटीस वाचली आणि खुर्चीखाली टाकली. आपेलूला निरोप धाडला. तो आला, माझ्यावर बसला, ती शेजारी बसली. मांडीवर कोरे कागद.

"सांगा काका. पहिल्यापासून."

"मान द्यायला वेळ लागेल बाळ. तेवढं लिहू नको. उसुफोनो लिहीत नसे."

"मी लिहिणार," ती म्हणाली. "सगळं. वाचू देत त्यांना."

आणि तो बोलला. केरिसिआनोचा किताब, त्याचं घराणं, वादळात त्याच्या बापानं वाचवलेली माणसं, ऑकलंडच्या थंडीत त्यानं काढलेली वीस वर्षं. ज्यानं त्याची होडी नेली त्याच्याबद्दल एवढं चांगलं तो मनापासून बोलत होता, आणि लागीचं पेन क्षणभरही थांबत नव्हतं. तिच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते रागाचं होतं. मला कळतं. मग तो पुढे सरकला.

तर मित्रांनो, तुमच्यापैकी कुणी उद्या मोठं होईल आणि दुसऱ्यांसाठी नियम लिहील. जरूर लिहा, लबाडांना वेसण हवीच. पण ज्याच्या मानेवर तो बसणार आहे त्याच्या शेजारी आधी जाऊन बसा. त्याच्याएवढ्याच उंचीवर बसा. तो कसा 'हो' म्हणतो आणि कसा 'नाही' म्हणतो ते समजून घ्या, मग चौकटी आखा. आणि जुना बाक बाहेर काढण्याआधी तो कशासाठी होता एवढं तरी कुणाला विचारा.

सोमवारच्या बोटीनं लागी ते कागद स्वतः घेऊन जाणार आहे. साहेबलोक, तुमच्याशीही दोन शब्द. कागद हातात पडले की उभ्या उभ्या चाळू नका, शेरा मारायची घाई करू नका. पहिली चार पानं केरिसिआनोच्या मानाची आहेत. होडी पाचव्या पानावर आहे. तिथपर्यंत वाचा.